विमानाला की माणसाला?

काउंटरवर उजवा तळहात आपटून चाचा हा प्रश्न विचारायचे. आपटणं असं, की ग्लासातला चहा हिंदकळून काचेवर सांडायचा आणि शेजारच्या गॅरेजमधली ठोकाठोक क्षणभर थांबायची.

समोरच्या माणसाने एवढंच विचारलेलं असायचं, "चाचा, टोरांटोला किती तास लागतात हो?"

"कोणाला? विमानाला की माणसाला?"

माणूस गोंधळायचा. विमानाचे तास वेगळे आणि माणसाचे वेगळे, हे त्याला आजवर कुणी सांगितलेलं नसायचं. मग चाचा सांगायचे. ओरडूनच सांगायचे. "विमानाला लागतील सतरा-अठरा. ते पत्र्याचं हाय. त्याला गुडघे नाय, त्याला साखर नाय, त्याला लघवीला लागत नाय. तू आईला पाठवतोयस ना? मग आईचं विचार."

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने तुम्ही कधी चौक गावातून गेला असाल, तर ते दुकान तुमच्या नजरेला पडलं असेल. एका बाजूला गॅरेज, दुसऱ्या बाजूला ढाबा आणि मधे निळ्या शटरचा एक गाळा. पाटीवर 'विमान तिकीट' एवढे दोनच शब्द. विमानाचं चित्र नाही, ढगांचं नाही, हसणाऱ्या बाईचंही नाही. एका तिकीट कंपनीने कौतुकाने एक प्लॅस्टिकचं विमान दिलं होतं, तेवढं काउंटरच्या कोपऱ्यात धूळ खात उभं असायचं.

त्या दुकानाच्या पडवीत माझं झेरॉक्सचं मशीन होतं. मी बी.ए. झालो तेव्हा आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होतो आणि नोकरी मिळत नाही म्हणून गावात तोंड लपवत फिरणाराही पहिलाच. माथेरानच्या पायथ्याच्या आमच्या गावात पदवी म्हणजे काय हे कुणाला नीटसं माहीत नव्हतं, पण ती घेऊन पोरगा घरीच बसतो एवढं सगळ्यांना दिसत होतं. चाचांनी पडवी दिली, विजेची जोडणी दिली आणि पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं ते सर्टिफिकेट कुठं हाय?" मी पिशवीतून काढून दिलं. दुसऱ्या दिवशी ते चौकटीत बसून त्यांच्या काउंटरमागच्या भिंतीवर लागलेलं होतं. माझ्या पडवीत नाही, त्यांच्या दुकानात. गिऱ्हाइकाने विचारलं की म्हणायचे, "आपल्याच माणसाचं हाय." पण आज मला त्यांच्या चांगुलपणाबद्दल लिहायचं नाही. त्यांच्या रागाबद्दल लिहायचं आहे, कारण लोकांनी त्या रागाची फार टिंगल केली आणि ती टिंगल माझ्या मनातून जात नाही.

चाचांच्या सदऱ्याला आतून एक खिसा शिवलेला असे. त्यात त्यांचा पासपोर्ट. दुकानात, बाजारात, लग्नात, नमाजाला जाताना, पासपोर्ट छातीशी. मुदत संपत आली की नवा करून घेत. पण विमानात कधी बसत नसत. ढाब्यावरचे लोक चेष्टा करायचे, "चाचा, वडापाव खायला निघालात का इमिग्रेशनला?" चाचा शांतपणे खिसा चाचपायचे आणि म्हणायचे, "आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचा नसतो."

यातलं कपाट खरं होतं. तरुणपणी ते आखातातल्या एका शहरात एसी दुरुस्तीच्या कामाला होते. त्या शहराचं नाव ते घेत नसत, म्हणून मीही इथे लिहीत नाही. 'तो मधला थांबा' एवढंच म्हणायचे. तिथल्या रीतीप्रमाणे सगळ्या कामगारांचे पासपोर्ट मालकाच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात. एक दिवस खालापूरहून फोन आला, आई गेली. चाचा धावत ऑफिसात गेले. कपाटाची चावी ज्याच्याकडे, तो साहेब सुट्टीवर. कुठे गेला माहीत नाही. कधी येईल माहीत नाही.

"मुंबई तिथनं तीन तास," चाचा मला म्हणाले होते. "फलकावर लिहिलेलं असायचं, मुंबई तीन तास. मी घरी पोचलो चौथ्या दिवशी."

कबरीच्या मातीवर तोवर पाणी शिंपडून वाळलंही होतं. आमच्या भागातल्या मुसलमान घरांत मय्यत थांबवत नाहीत. सकाळी माणूस गेलं तर संध्याकाळच्या आत दफन. मी एकदा भीत भीत म्हटलं, "चाचा, तुमच्यासाठी एक दिवस थांबायला हवं होतं त्यांनी."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत मागे सरकलो. "मय्यत थांबवायची नसते. त्यांनी केलं ते बरोबर. थांबायला पाहिजे होतं चावी घेऊन गेलेल्या माणसानं."

आता सांगा, या माणसासमोर येऊन कुणी म्हणालं की 'दुबई काय चाचा, इथून माथेरानला जायला जास्त वेळ लागतो', तर त्याने काय करावं? हसावं? लोकांना तो विनोद फार आवडायचा. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी तो करायचंच. चाचा त्याला तिकीट न देता बाहेर काढायचे.

दुकानात 'फक्त' हा शब्द चालत नसे. 'फक्त एकोणीस तास', 'फक्त एक थांबा', 'फक्त एक रात्र झोपलं की पोचलीच आई'. हा शब्द कानावर पडला की तळहात काउंटरवर. मला सुरुवातीला वाटायचं, म्हातारपणाचा चिडचिडेपणा असेल. मग मी पडवीत बसून बघायला लागलो. हा शब्द वापरणारा माणूस स्वतः कधीच प्रवासाला निघालेला नसतो. तो खुर्चीत बसून दुसऱ्याचे तास मोजत असतो. मुलं तिकडून फोनवर म्हणतात, जग किती जवळ आलंय. एक्स्प्रेसवेच्या कडेला तर तसा फलकच लागला होता, विमान आणि त्याखाली हेच वाक्य. साडेबारा हजार किलोमीटर आहे इथून टोरांटो. ते अंतर एका इंचानेही कमी झालेलं नाही. पनवेलकडे नवा विमानतळ झाला तेव्हा ढाब्यावर सगळे खूश, आता एअरपोर्ट जवळ आला म्हणून. चाचा म्हणाले, "एअरपोर्ट जवळ आला. पोरं कुठं आली?" तेवढ्यात हळूच कुणीतरी हसलं. त्या हसण्याची मला आजही चीड येते.

त्यांची स्वतःची मुलगी इंग्लंडात होती, नर्स. चाची गेल्यापासून दुकानामागच्या दोन खोल्यांत चाचा एकटेच. मी विचारलं होतं, "मग तिला कशाला जाऊ दिलंत?"

"तिला जायचं होतं, हुशार हाय, गेली. तिकीट मीच काढलं. थेट विमान, मधे थांबा नाय." त्यांनी काउंटरवरचा ग्लास बाजूला सरकवला. "दुसऱ्या कोणाकडनं काढलं असतं तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या."

या सगळ्या रागातून त्यांनी एक पद्धत काढली होती, जिच्यावर तालुकाभर लोक हसत. म्हाताऱ्या, पहिल्यांदाच निघालेल्या, एकट्या माणसाला मधे विमान बदलायचं असेल, तर चाचा आधी त्याची परीक्षा घेत. परीक्षा कर्जत स्टेशनात. माणसाने खोपोलीहून गाडीत बसायचं, कर्जतला उतरायचं, बॅग घेऊन एकट्याने पूल चढून फलाट बदलायचा आणि दुसरी गाडी पकडून नेरळला यायचं. खोपोलीची गाडी थेट पुढे जाणारी असली तरी कर्जतला उतरायचंच. नेरळला चाचा बाकावर बसलेले. जो नेरळला नीट पोचेल त्यालाच तिकीट.

"आणि नाही पोचला तर?" मी विचारलं.

"तर कर्जतहून शोधून आणता येतो. मधल्या थांब्यावरनं नाय येत."

आमच्या गावच्या चांगुणाकाकीची परीक्षा मला पूर्ण आठवते, कारण तिच्या मागून थोडं अंतर ठेवून चालायचं काम चाचांनी मला दिलं होतं. काकी आमच्या घरापासून चार घरं सोडून राहायची. भाताची शेती, दोन म्हशी, नवरा नाही. एकुलता मुलगा नितीन टोरांटोला. त्याची बायको बाळंत होणार होती आणि आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे घरातली मोठी बाई हवी. सुनेची आई आजारी, म्हणून काकी. पुण्याच्या पुढे ती कधी गेली नव्हती.

आधी नितीनचा फोन आला होता, तिकिटासाठी. चाचांनी स्पीकर चालू केला. "थेट जाणारं काढ, नाय तर कोणी सोबतीला बघ. मधल्या थांब्यावर एवढा वेळ बाई एकटी काय करील?"

"काका, फक्त सात तास तर थांबायचंय. खुर्च्या असतात, एसी असतो."

तळहात आपटला. "विमानानं थांबायचंय की आईनं?"

"तुम्ही नाही काढलं तर मी इथून मोबाइलवर काढतो," नितीन म्हणाला. आणि त्याने काढलंही. त्याच्याही काही अडचणी असतील, मी नाही म्हणत नाही. पण आईला विचारून काढलं का? काकीला तिकीट निघाल्याचं आमच्याकडून कळलं.

तिकीट दुसरीकडून निघालं, म्हणजे चाचांची जबाबदारी संपली, असं कुणीही म्हणालं असतं. चाचांनी काकीला निरोप पाठवला, मंगळवारी खोपोली स्टेशनात या.

काकी नवं लुगडं नेसून आली. चाचा आधी तिथेच इमिग्रेशनचे साहेब झाले. चष्मा नाकावर घेऊन म्हणाले, "पर्पज ऑफ व्हिजिट?"

"काय म्हनतोय रं हा?" काकीने मला विचारलं.

"कशाला चाललात, असं विचारतात ते."

"सून बाळत होनार हाय, आनि कशाला? तिथं काय भात लावायला चाललीय मी?"

"असं बोललात तर परत पाठवतील," चाचा म्हणाले.

"पाठव की! म्हशीचं कोन बघनार, मला तरी कुठं जायाचंय?"

मग चाचांनी नियम सांगितला. तो नियम मी त्यांच्या तोंडून कितीतरी म्हाताऱ्यांना सांगितलेला ऐकला होता, पण त्या दिवशी ते काकीसमोर उकिडवे बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "काकी, एकच ध्यानात ठेवा. ज्या जागेवर बसवलंय ती जागा सोडायची नाय. कोणी काय पण सांगू दे, कोणी हात धरू दे. आपलं माणूस नाय तर आपलं विमान, दोघांतलं एक येईपर्यंत जागा सोडायची नाय."

चाचा रिक्षाने नेरळला पुढे गेले. काकी कर्जतला उतरली, पुलाच्या पायऱ्या मधे मधे थांबत चढली, फलाटावरच्या वडेवाल्याशी बोलली, बरोबर गाडीत बसली आणि नेरळला चाचांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. हातात दोन वडापाव. एक चाचांना दिला. "घे. पास का नापास?"

"पास," चाचा म्हणाले आणि तोंड फिरवलं. मला दिसलं ते. नापास झाली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

काकी गेली. आणि मधल्या थांब्यावर जे झालं ते असं. तिथल्या एका कर्मचाऱ्याने तिला तिच्या दारासमोर, म्हणजे जिथून विमानात चढायचं त्या गेटसमोर, खुर्चीत बसवलं. पुढे ते गेट बदललं. घोषणा झाली, इंग्रजीत आणि अरबीत. लोक उठून गेले. काकी बसून राहिली. एक मुलगी येऊन काही सांगायला लागली, तिचा हात धरून उठवायला लागली. काकीने हात झटकला आणि मान हलवली. कर्जतला फलाट बदलला तर मराठीत सांगतात, सगळी माणसं एकदम पुलाकडे पळतात, कुणीतरी ओरडतं, "मावशी, चला, तिकडं लागली!" हे आमच्या परीक्षेत गृहीत धरलेलं होतं. चाचांच्याही ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. विमान गेलं. दुसऱ्या दिवशी सफाईला आलेल्या एका हिंदी बोलणाऱ्या माणसाने विचारपूस केली, तोवर काकी त्याच खुर्चीत होती. पिशवीतले डिंकाचे लाडू सुनेसाठी होते म्हणून तिने त्यांनाही हात लावला नव्हता.

ती टोरांटोला पोचली तेव्हा नातू झालेला होता. पहिली आंघोळ दवाखान्यातल्या बायांनी घातली होती.

नितीनचा फोन दुकानात आला. स्पीकर चालूच होता. त्याचा आवाज पडवीपर्यंत येत होता, रस्त्यावरच्या टेंपोंच्या आवाजाच्याही वर. "तुम्हीच तिला सांगितलंत ना, हलू नको म्हणून? कुणी विचारलं होतं तुम्हाला? रेल्वे स्टेशनात विमान शिकवता? बसली ना ती दगडासारखी! काही झालं असतं तर?"

मी वाट बघत होतो, तळहात आपटण्याची. तुम्हीच विचारा ना त्याला, की थेट तिकीट का काढलं नाहीस? तुझ्या आईला एकटीला पाठवणारा तू, आणि आम्हाला विचारतोस? माझ्या तोंडात ते सगळं आलं होतं. चाचांनी हात वर करून मला थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. फोन ठेवला. म्हणाले, "खरं बोलला."

मग त्यांनी कोपऱ्यातलं ते प्लॅस्टिकचं विमान उचललं, शटरपाशी गेले आणि भर रस्त्यात फेकलं. मागून येणारा टेंपो त्याच्यावरून गेला. ढाब्यावरचे लोक उठून उभे राहिले. चाचा ओरडत होते, पण कुणाला ते कळत नव्हतं, कारण समोर कुणीच नव्हतं. थोड्या वेळाने ते स्वतःच झाडू घेऊन गेले, वाहनं थांबवत थांबवत तुकडे गोळा केले, कुणाच्या टायरात जाऊ नयेत म्हणून.

आठवड्याने काकीचा मला फोन आला. नातवाचं सांगून झालं, बर्फाचं सांगून झालं. मग म्हणाली, "चाचांना सांग रं, मी जागा सोडली नाय. त्या पोरीनं हात वढला माझा, पन मी सोडली नाय." आवाजात केवढा अभिमान. तिला वाटत होतं, ती पास झाली.

मी तो निरोप चाचांना सांगितला. सांगायला नको होता असं नाही. तिने दिलेला निरोप होता. त्यांनी आतला खिसा चाचपला, पासपोर्ट आहे ना बघितलं आणि त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केलं.

त्यानंतर गिऱ्हाईक कमी झालं. मोबाइलवर तिकीट निघतं, मग शिव्या खायला कोण येणार? 'दगडासारखी बसली' हे वाक्य नितीनने गावातल्या मित्रांनाही सांगितलं होतं, ते ढाब्यापर्यंत आलं. लोक जाता जाता विचारायचे, "चाचा, कर्जतहून टोरांटोची गाडी कधी सुटते?" चाचांचा तळहात आता काउंटरवर आपटत नसे. मीच एकदा उठून एकाची कॉलर धरली. मी शिकलेला माणूस आहे, मला ते शोभलं नाही, पण त्या गोष्टीचं मला वाईट वाटत नाही.

काकीच्या परत येण्याची वेळ आली. नितीनला रजा मिळेना. तिकीट पुन्हा त्याच मधल्या थांब्याचं. काकी फोनवर रडत नव्हती, ती रडणारी बाई नाही, पण एकच विचारत होती, "मी येती. पन तिथं मधे कोन हाय?"

चाचांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मी हाय."

मला वाटलं, धीर द्यायला म्हणतायत. संध्याकाळी त्यांनी स्वतःसाठी तिकीट काढलं. मुंबईहून तो मधला थांबा, आणि काकीच्या विमानाने तिथून परत. शहरात पाऊलही टाकायचं नाही. विमानतळाच्या आतच राहायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. ज्या शहराचं नाव ते इतकी वर्षं घेत नव्हते, त्याच शहरात होता तो थांबा.

"चाचा, किती तास..." मी सवयीने विचारलं आणि जीभ चावली.

ते हसले. पहिल्यांदाच त्या प्रश्नाला हसले. "विमानाला तीन. मला बघू."

तिथे काय झालं ते काकीने सांगितलं. ती कर्मचाऱ्यामागून गेटपाशी आली तर चाचा समोरच्या खुर्चीत ताठ बसलेले. दोन्ही हात छातीवर, खिशावर. चेहरा असा, की जवळ जायची कुणाची हिंमत होऊ नये. काकी म्हणाली, "चाचा, जागा सोडली नाय ना?"

"नाय," चाचा म्हणाले. "पण काकी, पुढच्या वेळी कोणी हात धरला, तर उठा."

"तूच सांगितलं व्हतंस, उठू नको म्हनून!"

"चुकीचं सांगितलं."

"मग आधी सांगायाचं ना, मेल्या!"

मी गाडी घेऊन मुंबईच्या विमानतळावर उभा होतो. ते दोघे बाहेर आले ते बॅग कुणी ओढायची यावरून भांडत. सगळा रस्ता, पार चौकपर्यंत, भांडण चालू होतं. मधेच मी आरशातून मागच्या सीटवरच्या चाचांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. "ते कपाटवालं ऑफिस," ते म्हणाले, "विमान वळताना खाली दिसेल असं वाटलं होतं. काय दिसलं नाय. नुसते दिवे."

गेल्या वर्षी एका सकाळी शटर वर करून चाचा काउंटरमागे बसले आणि बसल्या जागीच गेले. मी मशीन चालू करत होतो. चहा तसाच होता, सांडलेला नव्हता.

पुतणे आले. इंग्लंडला मुलीला फोन लागला. ती म्हणाली, "माझ्यासाठी थांबू नका. अब्बांनी सांगून ठेवलंय." त्याच दिवशी दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर दफन झालं. आम्ही कब्रस्तानातून परत येत होतो, तेव्हा चांगले शिकलेले एक गृहस्थ माझ्या शेजारून चालता चालता म्हणाले, "थांबायला हवं होतं हो. लंडनची फ्लाइट फक्त नऊ-दहा तासांची तर आहे."

"कोणाला?" मी रस्त्यातच उभा राहिलो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "विमानाला की माणसाला?" तिला रजा मिळायची होती, तिकीट मिळायचं होतं, तिथून विमानतळ गाठायचा होता, इथे उतरून एवढा रस्ता यायचा होता, आणि हे सगळं रडत रडत करायचं होतं. ते तास कोण धरणार? गृहस्थ दोन पावलं मागे झाले. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. पण माझा राग उतरला नाही. अजून उतरलेला नाही.

आंघोळ घालताना सदऱ्यातून निघालेला पासपोर्ट पुतण्याने माझ्याकडे दिला होता, मुलगी आली की दे म्हणून. घरात कपाट होतं. मी तो कपाटात ठेवला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाकडे आलो तर बंद शटरसमोर चांगुणाकाकी बसलेली. पडवीतली माझी खुर्ची ओढून घेतलेली, मांडीवर पिशवी, नजर रस्त्यावर. पहिल्या एसटीने आली होती. मी म्हटलं, "काकी, आत मागच्या खोलीत बस. नाहीतर ढाब्यावर चहा तरी घे."

"नको."

"कुणाची वाट बघतेस?"

"पोरगी येनार ना त्याची. एवढ्या लांबनं येईल, गाडीतनं उतरंल, आनि समोर बंद शटर. कोनीच नसंल तर?" तिने पिशवी घट्ट धरली. "आपलं मानूस येईपातुर जागा सोडायची नाय."

उन्हं वर आली. ढाबेवाल्याने चहा आणून ठेवला, तो गार झाला. गॅरेजवाल्याने त्या दिवशी ठोकाठोक केली नाही. मी मशीन चालू केलं नाही. दुपार उलटल्यावर एक गाडी समोर थांबली आणि चाचांची मुलगी उतरली. अंगावर तिकडच्या थंडीचा जाड कोट, तो काढायचंही तिला सुचलेलं नव्हतं. ती पाटीकडे बघत रस्त्याच्या कडेला उभी राहिली.

मी खिशातून पासपोर्ट काढून तिच्या हातात दिला. तिने तो उघडला नाही, नुसता छातीशी धरला.

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. खुर्चीवरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, "ये गं माझे बाय. आता तू बस."